नारळाचं परफ्यूम अंगावर कसं उलगडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत एका परफ्यूमच्या दुकानात मी 9 वर्षं काउंटरला होते. नारळाच्या वासाच्या बाटल्यांविषयी जेवढे प्रश्न आले तेवढे दुसऱ्या कशाविषयी आले नसतील, आणि पर्यटकांचे प्रश्न वेगळे, आपल्या माणसांचे वेगळे. दुकान सोडलं तरी शेजारणी, मावसबहिणी, भाचीच्या कॉलेजातल्या मुली अजून फोन करून तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढू. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढे ती परत परत येणार आहे: नारळाचं परफ्यूम पहिल्या पाच मिनिटांत पसंतही करू नका आणि नापसंतही करू नका, त्याचा खरा नारळ दोन तासांनी बाहेर येतो.

यात खरा नारळ असतो का हो?

जवळजवळ कधीच नसतो. गुलाब, वाळा, चंदन यांचा वास वाफेवर काढता येतो, भट्टी लावली की वाफेबरोबर अत्तर निघतं. नारळाचं तसं होत नाही. खोबऱ्यातून निघतं ते तेल म्हणजे शुद्ध चरबी, जड, ते हवेत उडतच नाही, आणि जे उडत नाही त्याचा वास नाकापर्यंत पोचणार कसा. खोबरेल तेलाला जो वास येतो तो त्यात असलेल्या अगदी थोड्या दुसऱ्या द्रव्यांचा, तेल रिफाइन केलं की ती निघून जातात आणि मग तेलाला काहीच वास राहत नाही, हे तुम्ही पण बघितलं असेल.

ती द्रव्यं म्हणजे लॅक्टोन. परफ्यूम बनवणारे लोक हे लॅक्टोन प्रयोगशाळेत तयार केलेले वापरतात. सगळ्यात जास्त चालतो तो गॅमा नोनालॅक्टोन, धंद्यात त्याला ‘अल्डिहाइड सी-18’ म्हणतात आणि गंमत अशी की तो अल्डिहाइड (हा रसायनांचा वेगळाच प्रकार) पण नाही आणि त्यात कार्बनही 18 नाहीत, 9 आहेत. तसंच पीचच्या वासाच्या एका लॅक्टोनला ‘सी-14’ म्हणतात, त्यात कार्बन 11. ही धंद्यातली जुनी नावं, तशीच चिकटून राहिली.

यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. नारळात स्वतःत पण लॅक्टोनच असतात, फक्त ते मुख्यतः डेल्टा जातीचे, डेल्टा ऑक्टालॅक्टोन आणि डेल्टा डेकालॅक्टोन. यातला डेकालॅक्टोन लोण्यात आणि सायीत पण सापडतो, म्हणून तर ओल्या खोबऱ्याच्या दाट रसाला दुधाळ वास येतो. परफ्यूममध्ये नुसता गॅमा नोनालॅक्टोन भरला की वास मिठाईच्या, लोशनच्या बाजूला जातो, आणि डेल्टावाले मिसळले की तो रसाच्या बाजूला येतो. चांगल्या आणि बऱ्या परफ्यूममधला बराचसा फरक इथेच पडतो.

मग एक नारळ परफ्यूम वडीसारखं येतं, एक तेलासारखं, एक सनस्क्रीनसारखं, असं का?

आपल्या घरात तरी नारळाचा एकच वास कुठे असतो? नारळ फोडला की पाण्याचा जो हलका, थोडा हिरवट वास येतो तो एक, तो क्षणात जातो. आदोळीवर (नारळ खवायच्या विळीवर) बसून खवताना बोटांना लागतो तो दुसरा, तो जेवणं होईपर्यंत हाताला राहतो. शागोतीसाठी, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्श्यासाठी, कढईत खोबरं भाजायला घेतलं की येतो तो तिसरा, खमंग, शेंगदाण्याच्या जवळचा, कारण भाजताना वेगळीच द्रव्यं तयार होतात. सुक्या खोबऱ्याचं घाण्यावर काढलेलं तेल हा चौथा. आणि दोदोल आटवताना गूळ आणि रस एकत्र शिजतात तो तर वेगळाच प्रकार. परफ्यूम बनवणारा यातला एक निवडतो आणि त्याभोवती बाकीचं रचतो.

व्हॅनिला जास्त घातला की वडी, चंदन घातलं की रस, अननस आणि रम आली की पिनाकोलाडा नावाचं कॉकटेल, अंजिराच्या पानासारखं हिरवं काही घातलं तर शहाळ्याच्या आसपास. हे शेवटचं उलट्या बाजूने पण खरं आहे, अंजिराच्या वासाची जी परफ्यूमं असतात त्यात हिरव्या पानाच्या वासाबरोबर नारळाचे लॅक्टोन असतात. दुकानात कितीतरी गिऱ्हाइकं अंजिराचा टेस्टर हुंगून म्हणायची यात नारळ आहे, बरोबर ओळखायची ती.

सनस्क्रीनचं वेगळं आहे. 1930च्या दशकात फ्रान्समध्ये उन्हात लावायची जी तेलं निघाली त्यात बेंझिल सॅलिसिलेट नावाचं द्रव्य उन्हापासून संरक्षण म्हणून घालत. तेच द्रव्य इलांग-इलांगच्या फुलात नैसर्गिक असतं आणि परफ्यूममध्ये पांढऱ्या फुलांच्या वासासाठी पण चालतं. पुढे अमेरिकेत उन्हाच्या लोशनांना नारळाचा वास देऊ लागले. त्यामुळे तिकडच्या माणसाला नारळ आणि पांढरं फूल एकत्र आलं की सुट्टी, वाळू, समुद्र आठवतो. आपल्याला बीच म्हटलं की तो वास नाही आठवत, आपल्याला ओली जाळी, सुकत घातलेले बांगडे, कुजत घातलेली सोडणं (नारळाच्या साली) आठवतात. एकाच बाटलीपुढे कळंगुटचा पर्यटक डोळे मिटायचा आणि डिचोलीची बाई म्हणायची काय हे केसांचं तेल, आणि दोघांचं पण बरोबर होतं.

लावल्यापासून वास कसा बदलत जातो? जरा तासातासाने सांगा.

हे सांगायला मला फार आवडतं. समजा मे महिना आहे, पणजी, मनगटावर दोन स्प्रे मारलेत.

पहिलं अर्धं-एक मिनिट नाक जवळ नेऊच नका, ते नुसतं अल्कोहोल. मनगटं एकमेकांवर घासू पण नका, घासून गरम होतं आणि सुरुवातीचा जो नाजूक भाग असतो तो लवकर उडून जातो.

मग येतात टॉप नोट, म्हणजे वरचे वास. नारळाच्या परफ्यूममध्ये हे बहुतेक लिंबू, बर्गमोट (लिंबाच्या जातीचं एक फळ), संत्र्याची साल, कधी अननस. हे का घालतात, तर नारळाच्या लॅक्टोनला स्वतःची सुरुवातच नसते. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन गॅमा नोनालॅक्टोनपेक्षा शंभर पटीहून जास्त वेगाने उडायला बघतं, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबू पुढे आणि नारळ मागे दारात उभा. तो असतो, पण त्याला कोणी बोलू देत नाही. गोव्याच्या मे महिन्यात ही पंधरा मिनिटं आठ-दहावर पण येतात.

वीस मिनिटांपासून दीड तासापर्यंत मधला भाग, हार्ट. इथे फुलं: इलांग-इलांग, जाई, चाफा, निशिगंध. निशिगंधाला मुळातच थोडा लोण्यासारखा, नारळासारखा एक पदर असतो, म्हणून तो इथे इतका छान बसतो की फूल कुठे संपलं आणि खोबरं कुठे सुरू झालं सांगता येत नाही. पण हाच काळ सगळ्यात गोड, सगळ्यात मोठा आवाज असलेला, आणि बरीच माणसं इथेच कंटाळतात. आमच्याकडे एक बाई टेस्टर लावून अर्ध्या तासाने परत आल्या, म्हणाल्या डोकं उठलं, पुसून द्या. मी म्हटलं पुसते पण तुम्ही मांडवीच्या काठाने एक फेरी मारून या, मग बोलू. दोन तासांनी आल्या आणि तीच बाटली घेऊन गेल्या.

कारण दोन ते चार तास हा खरा भाग. फुलं पातळ होतात, लिंबू तर कधीच गेलेलं असतं, आणि नारळाचे लॅक्टोन जे सावकाश उडतात ते आता मोकळे होतात, खाली चंदन आणि व्हॅनिला असतं ते त्यांना धरून ठेवतं. चंदनाला पण दुधाळ अंग आहे, त्यामुळे नारळ आणि चंदन एकत्र आले की वास फोडलेल्या नारळाचा न राहता फडक्यातून पिळलेल्या पहिल्या दाट रसाचा होतो, कोमट, सौम्य, त्वचेला चिकटून. मी नारळाचं परफ्यूम ह्या दोन तासांसाठी लावते, बाकीचं मला वाटेतलं वाटतं.

पाच-सहा तासांनी व्हॅनिला, टोंका (एक गोडसर वासाची बी), बेंझॉइन (झाडाचा सुगंधी डिंक), मस्क (कस्तुरीसारखा वास) असे जड वास उरतात, नारळाची फक्त आठवण. काही लोकांना काही जातीचे मस्क अजिबात येत नाहीत, नाकाचीच रचना तशी असते, म्हणून एकच परफ्यूम एकीला संध्याकाळी पण येतं आणि तिच्या बहिणीला दुपारीच संपल्यासारखं वाटतं.

मला तर एका तासानेच वास येईनासा होतो, परफ्यूम नकली आहे का?

बहुतेक वेळा नाक दमलेलं असतं. सतत एकच वास येत राहिला की मेंदू तो बाजूला टाकतो, जसं घाण्यावर काम करणाऱ्याला तेलाचा वास येत नाही. नारळाचे लॅक्टोन आणि व्हॅनिला ह्या बाबतीत जास्त फसवतात कारण ते सपाट, सौम्य असतात, लिंबासारखे टोचत नाहीत. दुसऱ्या कोणालातरी विचारा येतोय का, आणि ते हो म्हणाले तर वरून अजून मारू नका. मानेऐवजी मनगटावर किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, नाकापासून लांब असलं की मधूनमधून ताजं येत राहतं.

गोव्याच्या उकाड्यात चालतं का? टिकतं का?

चालतं, पण अर्धं लावा. उष्णता वाढली की सगळंच लवकर उडतं, त्यामुळे सुरुवात जोरात होते आणि एकूण वेळ कमी होतो. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या जागेत चार स्प्रे म्हणजे शेजारच्यावर अन्याय आहे, विशेषतः सकाळी भरलेल्या कदंब बसमध्ये उभं राहून जायचं असेल तर. एक स्प्रे, फार तर दोन, आणि तेही कपड्याच्या आत.

जानेवारीत मात्र मजा. पहाटे पारा 20 अंशांच्या आसपास असतो, खोबरेल तेलाची बाटली घट्ट झालेली असते (तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं), आणि परफ्यूम पण तसंच सावकाश जागं होतं. तेव्हा लिंबाचा भाग लांबतो आणि नारळ दुपारी ऊन वर आल्यावर येतो. एकच बाटली मे आणि जानेवारीत दोन वेगळी परफ्यूमं वाटावीत इतका फरक.

पावसाळ्यात?

दमट हवेत वास जास्त भरून येतो आणि नारळ-व्हॅनिला जड होतात, बंद खोलीत ओल्या कपड्यांच्या वासात मिसळले तर बरं वाटत नाही. मी जून ते ऑगस्ट चंदन जास्त, व्हॅनिला कमी असलेलं वापरते. चवथीच्या दिवसांत तर घरात माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला) नारळ, सुपारी, तोरिंगण, रानातल्या वेली बांधलेल्या असतात, पातोळ्यांसाठी हळदीची पानं काढून ठेवलेली असतात, त्या वासात मला बाटली उघडावीशी वाटत नाही.

लोक म्हणणार नाहीत का की डोक्याला तेल चोपडून आली?

हा प्रश्न फक्त आपली माणसं विचारतात आणि मला त्यामागची काळजी समजते. लहानपणी शाळेत तेल लावलेल्या वेण्यांवरून चिडवलेलं असतं, ऑफिसात तेलकट केस म्हणजे गबाळं असं डोक्यात बसलेलं असतं, मग पैसे देऊन तोच वास का घ्यायचा?

पण खरं सांगते, वास तोच नसतो. केसांच्या तेलाचा वास सुक्या खोबऱ्याचा, थोडा भाजका, थोडा खवट असतो कारण तेल हवेला लागून जुनं होत जातं. परफ्यूममध्ये चरबीच नसते त्यामुळे ती खवट बाजू येत नाही. तरी भीती असेल तर लिंबू किंवा आलं जास्त असलेलं घ्या, आणि ज्यात नारळ-व्हॅनिला एवढंच लिहिलंय ते टाळा. शिवाय त्या दिवशी केसांना खोबरेल लावलेलं नसावं, दोन्ही एकत्र आले की नाक तेलाकडेच जातं.

आणि कोणी म्हटलंच तर म्हणू दे. जगभर लोक ह्या वासासाठी हजारो रुपये मोजतात आणि आपण ज्या माडाखाली वाढलो त्याच्या वासाची आपल्याला लाज वाटावी हे मला मनापासून वाईट वाटतं.

बीचवर लावून जाऊ का?

वासाच्या दृष्टीने मस्त, उन्हाच्या दृष्टीने जपून. बर्गमोट आणि लिंबू यांच्या साली दाबून जे तेल काढतात त्यात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, बर्गाप्टेन हे त्यातलं मुख्य, आणि ती त्वचेवर असताना कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखं होऊन काळे डाग राहू शकतात. लिंबू पिळून हात न धुता उन्हात गेल्यावर काहींना होतं ना, तेच. वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलात हा त्रास नाही, आणि मोठ्या कंपन्या ही द्रव्यं काढून टाकलेलं बर्गमोट वापरतात किंवा ठरलेल्या मर्यादेत राहतात. पण घरी कोणी मिसळून दिलेलं, लेबल नसलेलं असेल तर उघड्या अंगावर लावून उन्हात बसू नका. आधी सनस्क्रीन, आणि परफ्यूम कपड्यावर किंवा झाकलेल्या जागी.

दुकानात टेस्टर कसा बघायचा?

एका वेळी तीनच. कागदाच्या पट्टीवर आधी मारा, त्यावरून जे अगदीच नको ते बाजूला करा, पण घ्यायचं की नाही हे पट्टीवरून ठरवू नका, कागदाला ऊब नसते, घाम नसतो, तेलकटपणा नसतो. उरलेल्यातलं एक एका मनगटावर, दुसरं दुसऱ्या, आणि दुकानातून बाहेर पडा. चहा घ्या, बाजार करा. मोबाइलवर वेळ लिहून ठेवा आणि पंधरा मिनिटं, एक तास, तीन तास असं तीनदा हुंगा. कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक साफ होतं म्हणतात, आमच्या काउंटरवर पण वाटी असायची, मला कधी उपयोग दिसला नाही, त्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा, जिथे काही लावलेलं नाही तिथला वास घ्या.

विकणारी घाई करत असेल तर तिला टार्गेट असतं हे लक्षात ठेवा, मलाही असायचं. तरी पैसे तुमचे आहेत, तीन तास थांबायचा हक्क पण तुमचा.

पुरुषांनी लावलं तर चालेल?

हो. लिंबू, आलं, रम, लाकूड असलेलं बघा.

सुरुवात कुठून करू, काही नावं सांगाल?

ह्या प्रकारातली दोन नावं सगळीकडे घेतली जातात. एक क्रीडचं व्हर्जिन आयलंड वॉटर, 2007चं, त्यात लिंबू आणि रम पुढे आहे आणि नारळ त्यामागे, त्यामुळे उकाड्यात हलकं वाटतं. दुसरं टॉम फोर्डचं सोलेय ब्लां, 2016चं, ते उलट, फुलं आणि साय, उन्हाच्या लोशनची आठवण देणारं, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळीच बरं. दोन्ही महाग आहेत आणि मी कोणाला पूर्ण बाटली घ्या म्हणत नाही, शिकण्यासाठी टेस्टर हुंगला तरी पुरे.

स्वस्तात पण चांगलं मिळू शकतं. गॅमा नोनालॅक्टोन काही महाग द्रव्य नाही, पैसे लागतात ते खरं चंदन, जाईचा अर्क अशा गोष्टींना. म्हणून स्वस्त बाटलीची सुरुवात बहुतेक छान असते आणि फरक कळतो तो तिसऱ्या तासाला, खाली धरायला काही नसलं की नारळ एकटा पडतो आणि प्लास्टिकसारखा येतो.

ओ डी परफ्यूम घेऊ की ओ डी टॉयलेट?

ढोबळ हिशेब असा की ओ डी टॉयलेटमध्ये सुगंधी तेल साधारण 5 ते 15 टक्के आणि ओ डी परफ्यूममध्ये 15 ते 20. नारळाच्या बाबतीत मला उन्हाळ्यात कमी टक्केवारीचं आवडतं. कोणी सांगेल जास्त टक्के म्हणजे चांगलं, तसं काही नसतं, जास्त टक्के म्हणजे जास्त टक्के.

मोनोई म्हणजे काय? तेही नारळाचंच ना?

मोनोई हे ताहितीचं, फ्रेंच पॉलिनेशियातलं. तिथे तियारे नावाच्या पांढऱ्या फुलाच्या कळ्या खोबरेल तेलात भिजवत ठेवतात आणि ते तेल अंगाला, केसांना लावतात. 1992 पासून ‘मोनोई द ताहिती’ ह्या नावाला फ्रान्सच्या कायद्याने मूळ स्थानाचं संरक्षण आहे, आपल्याकडे जीआय असतं तसं. आणि ही गोष्ट मला कळली तेव्हा फार आनंद झाला: तियारे हे आपल्या अनंताच्याच कुळातलं फूल, दोन्ही गार्डेनिया. म्हणजे दारात अनंत आणि मागे माड असं ज्या घरात आहे, आणि गोव्यात अशी घरं अजून बरीच आहेत, त्या घराकडे मोनोईचं सगळं सामान आहे.

मग घरी करता येईल का?

तेल करता येईल, परफ्यूम नाही. अनंताची फुलं सकाळी काढा, आणि लगेच तेलात टाकायची चूक करू नका, मी पहिल्यांदा तीच केली आणि आठवड्यात वर बुरशी आली. फुलात पाणी असतं ते तेलात उतरतं. फुलं पंख्याखाली पसरून काही तास मलूल होऊ द्या, कोरड्या काचेच्या बरणीत वास नसलेलं खोबरेल घ्या, फुलं पूर्ण बुडतील अशी घाला, दुसऱ्या दिवशी काढून नवी घाला, असं आठ-दहा दिवस. मग स्वच्छ कोरड्या फडक्यातून गाळा. वास हळू येतो, बाटलीतल्या परफ्यूमसारखा खोलीभर पसरत नाही, पण अंघोळीनंतर हाताला लावला तर जवळ बसणाऱ्याला कळतो. हे तेल आधी थोडं लावून त्यावर नारळाचं परफ्यूम मारलं तर ते जास्त टिकतं पण, कोरड्या त्वचेपेक्षा तेल लावलेल्या त्वचेवरून वास सावकाश उडतो.

फेणीत खोबरं घालून परफ्यूम होईल का असंही बरेच जण विचारतात, गोव्यात हा प्रश्न येणारच. नाही होणार. परफ्यूमला लागतं ते 95 टक्क्यांच्या आसपासचं, स्वतःचा वास नसलेलं अल्कोहोल. फेणीत अल्कोहोल साधारण 42 ते 45 टक्के, बाकी बहुतेक पाणी, त्यात सुगंधी तेल नीट विरघळत नाही आणि सगळं दुधाळ गढूळ होतं. शिवाय काजूची असो की माडाच्या सुरेची, तिचा स्वतःचा वास इतका ठाम की पुढे कोणाचं काही चालत नाही. काजू फेणीला 2009 मध्ये जीआय मिळालं ते त्याच वेगळेपणासाठी, तिला तिच्या जागी राहू द्या.

आणि बाजारात मसोइया सालीचं तेल नारळाच्या वासाचं नैसर्गिक तेल म्हणून दिसेल. वास खरोखर सुरेख, दाट रसासारखा, पण ते त्वचेला जळजळ करतं, परफ्यूम उद्योगाच्या नियमांत ते वापरायचं नाही असंच आहे. अंगाला लावू नका.

बाटलीतला रंग पिवळा-तपकिरी झालाय, खराब झालं का?

बहुतेक तो व्हॅनिलिन. व्हॅनिलाचा वास देणारं हे द्रव्य काळाबरोबर रंग बदलतं आणि नारळाच्या परफ्यूममध्ये ते भरपूर असतं. रंगावर जाऊ नका, लावून बघा. सुरुवातीचा लिंबाचा भाग आंबट, वार्निशसारखा येत असेल तर वरचे वास गेलेत, पण अर्ध्या तासाने पुढचं सगळं नीट असेल तर घरी वापरायला काही हरकत नाही.

आम्ही एका हंगामात टेस्टर काचेच्या शोकेसमध्ये ठेवले होते, दुपारी तिथे थेट ऊन यायचं. मी दोनदा सांगितलं, कोणी ऐकलं नाही. दिवाळीपर्यंत नारळाच्या टेस्टरमधलं लिंबू पूर्ण मेलेलं होतं, स्प्रे मारला की थेट गोड जड वास, आणि गिऱ्हाइक तोंड वाकडं करून निघून जायचं, बिचाऱ्या परफ्यूमची काही चूक नसताना. तर बाटली कपाटात, अंधारात, खोक्यात ठेवा. बाथरूममध्ये नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको.

कपड्यावर मारलं तर डाग पडतो?

पांढऱ्या आणि रेशमी कपड्यावर पडू शकतो, त्याच व्हॅनिलामुळे. सुती गडद कपड्यावर आतून मारा. कपड्यावर वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो पण उलगडत नाही तेवढा, ऊब कमी मिळते ना. ओढणीवर दुसऱ्या दिवशी पण नारळ-व्हॅनिला राहतो.

मला नारळाची अ‍ॅलर्जी आहे, चालेल का?

खाण्याची अ‍ॅलर्जी नारळातल्या प्रथिनांमुळे होते आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या लॅक्टोनमध्ये प्रथिनं नसतात. पण परफ्यूममध्ये बाकी पण बरंच असतं, लिमोनीन, लिनालूल, बेंझिल सॅलिसिलेट, त्यातलं काहीही एखाद्याला चालत नाही. आधी डॉक्टरांना विचारा, मग कोपराच्या आत एक थेंब लावून दोन दिवस थांबा. मोनोई किंवा घरचं तेल असेल तर ते खरंखुरं नारळाचं तेल आहे, तिथे विचारल्याशिवाय हात लावू नका.

लग्नाला जायचंय, केसात सुरंगीचा वळेसर (गजरा) आहे, त्यावर नारळाचं परफ्यूम कसं वाटेल?

नका लावू. सुरंगीचे दिवस थोडे असतात, फेब्रुवारी-मार्च धरून पुढे थोडे, आणि वळेसर दिवसभर गंध सोडत राहतो, सुकला तरी सोडतो. त्याच्याशेजारी बाटलीतलं काहीही आणलं की दोन्ही बिघडतात, मी हे करून बघितलंय. अबोलीचा वळेसर असेल तर खुशाल लावा, अबोलीला वास नसतो, मनगटावर एक स्प्रे पुरे आणि तो घरातून निघायच्या दोन तास आधी मारा, म्हणजे मांडवात पोचाल तेव्हा रसाची वेळ झालेली असेल.